तुडूम आणि गेटवे

वर्गात एपीआय शिकवला तेव्हा मला आमच्या गावच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आठवलं. पाणी हवं म्हणून कुणी तलावाची मातीची पाळ फोडत नाही. तुडुमापाशी पाणी वाटणाऱ्या पाणकराला सांगायचं, तो तुडूम उघडतो आणि ज्याची पाळी त्याच्या धानाच्या बांधीत पाणी जातं. एपीआय मला तसाच वाटला. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे मागायची ठरलेली जागा, ठरलेली रीत. बरोबर समजलो की नाही, हे सरांना विचारायचा धीर झाला नाही.

आमच्या गावचे पाणकर माझे बाबा. पाळी कुणाची, हे ते बांधाबांधाने हाका मारत सांगायचे. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून मी प्रकल्पात पाळी सांगणारं ॲप केलं आणि त्याचा एपीआय क्लाऊडवर ठेवला. त्याच्यापुढे गेटवे असतो. कोण आलं, किती वेळा आलं, ते तो बघतो आणि कुणी फारच विचारू लागला तर त्याला अडवतो. ती मर्यादा मी सरांनी शिकवल्याप्रमाणे घातली.

धान निसवत, लोंबी धरत असताना पाणी सुटलं. त्या सकाळी बाबा पहिल्यांदाच हाका मारायला गेले नाहीत.

आमच्याकडे जंगलामुळे मोबाईलला रेंज नसते. सगळे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून तिथलं वायफाय वापरतात. त्या दिवशीही तिथेच जमले. वायफाय एकच, म्हणून गेटवेला सगळे एकाच इंटरनेट पत्त्यावरून आलेले दिसले, म्हणजे एकच माणूस, सारखा विचारणारा. त्याने दार लावलं. मोबाईलवर आलं, 'थोड्या वेळाने प्रयत्न करा.' लोक थांबले. शेवटच्या बांधीवाली काकूही थांबली. तिची पाळी निघून गेली.

संध्याकाळी ती आमच्या अंगणात येऊन बाबांना म्हणाली, "भाऊ, मोबाईलनं थांब म्हटलं, मी थांबली ना जी!"

मागून कुणीतरी बोललं, "पाणकर आता घरूनच पाणी वाटून राहिला. मोठा साहेब झाला!"

लोक गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "इतके जण आले, अन् त्याले एकच माणूस दिसला?"

"हो, बाबा."

"तोंडं नाही पाहत का तो?"

"नाही."

नंतर मी प्रत्येक मोबाईलला वेगळी ओळख दिली. आता गेटवे कुणाला अडवत नाही, पण कुणी येतही नाही. काकूच्या बांधीतलं धान पोचट निघालं आणि ती आता आमच्या अंगणावरून जाताना मान वळवते. पाणी सुटलं की बाबा काठी घेऊन पुन्हा बांधाबांधाने फिरतात. मी घरी असलो की गुडघ्यांना रात्री तेल लावून देतो.

वसतिगृहातून मी कधी कधी क्लाऊडवरची नोंद उघडतो. आलेख सपाट असतो. पाळीच्या दिवशी सकाळी तेवढी एक विनंती आलेली दिसते, बाबांच्या मोबाईलवरून. त्यानंतर ते ओट्यावरून हाका मारायला निघत असतील.