आगारीवरचं आइस्क्रीम

बायको गेली त्याच्या दोन महिन्यांआधी मी तिले चंद्रपूरले डॉक्टरकडे नेलं होतं. येताना ती एका काचेच्या दुकानापुढं थांबली. काचेवर तपकिरी गोळ्याचं चित्र होतं, त्यात अख्खे फल्लीदाणे.

"अहो, फल्लीचं आइस्क्रीम! एकडाव खाऊन पाहू."

मी म्हणलो, "डॉक्टर थंड खाऊ नोको म्हणला."

डॉक्टर तसं काहीच बोलला नव्हता. मले बस धरायची होती. तिनं वाद घातला नाई. फल्ली म्हणजे तिचा जीव. चुलीच्या राखेत भाजलेले दाणे लुगड्याच्या ओच्यात घेऊन खात बसे.

आमच्याकडं पितरांच्या पंधरवड्यात गेलेल्या माणसाले आगारी टाकतात. पेटत्या गोवरीच्या इस्तवावर तूप आन् त्याच्या आवडीचा घास. धूर निंगाला म्हणजे त्याले पोचलं. तोवर घरात कोणी जेवत नाई. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा दिवस नवमीचा. ती जन्मभर माझ्यामागून जेवली, तेही माझ्याच ताटात. मी ठरवलं, आज ती पहिले खाईन.

नवमीच्या सकाळीच मासोळीचा थर्माकोलचा डब्बा घेऊन चंद्रपूरले गेलो. तलावातली मासोळी मूल गावच्या बाजारात नेतो तशीच तयारी केली, बर्फावर मूठभर मीठ आन् वरून दाबून धानाचं तणस. दुकानातल्या पोरीनं नाकाले ओढणी लावली.

"काका, यात नेता आइस्क्रीम?"

"काऊन, पोहून जाईन का?"

ती हासली. नाव सांगितलं तिनं, पीनट बटर चॉकलेट. मी चौथी शिकलेला. म्हणलो, फल्लीवालं दे, बस.

बसमध्ये कंडक्टरनं डब्ब्याचा वास घेतला. "बाबा, काय हाय? वाम?"

"बायकोचं जेवण हाय."

"मंग मासोळीच असन," म्हणे, आन् पुढं गेला.

घरी मोठ्या भावाची बायको वडे-कढी करून उपाशी बसली होती. "भाऊजी, दिवस कलला. आगारी कवा टाकान?"

डब्बा उघडला. मासोळी बांधायचा हात, तो नडला. मीठ-बर्फानं आइस्क्रीम दगडावानी झालं होतं. चमचा वाकला. मंग चाकूनं गोळा उकरला आन् इस्तवावर ठेवला. चर्र झालं. धूर नाई निंगाला, वाफ निंगाली. काळं पाणी वाह्यलं आन् गोवरी विझली.

"इस्तव विझवला काऊन, भाऊजी? जितेपणी देल्लं नाई, आता काय तिले बुचकळून राह्यले?"

मी म्हणलो, "तुले कोणं सांगितलं?"

"तिनंच. डॉक्टरचं नाव सांगून चूप केलं म्हणे. डॉक्टर काय म्हणला, ते तीबी आइकत होती ना!"

मंग वहिनीनंच दुसरी गोवरी पेटवली, वडा-तूप टाकून धूर काढला, दोन घास खाल्ले आन् आपल्या घरी गेली. मी जेवलो नाई. आइस्क्रीमचा कप घेऊन आगारीपाशी बसलो. बायकोले माहीत होतं. दोन महिने मले काहीच बोलली नाई.

आइस्क्रीम मऊ पडलं होतं. चव पाहाले बोट लावलं. पहिले कडू, मंग गोड, मंग खारट. डब्ब्यातलं मीठ शिरलं का ते तसंच असते, कोणाले इचारू? दाण्याचं लोणी टाळूले चिकटलं, जीभ हालेना. तसंही बोलाले समोर कोण होतं? ती असती तर चवीवर दोन दिवस बोलून दाखवलं असतं, "दाणे जरा कमी भाजले."

चव पाहता पाहता अर्धा कप झाला, तवा ध्यानात आलं. मी पहिले खाल्लं.

वड्याच्या राखेखाली इस्तव अजून लाल होता. बुडाशी राह्यलेलं दाण्याचं लोणी बोटानं काढून त्यावर ठेवलं. ते तुपावानी पेटलं. धूर निंगाला, भाजल्या फल्लीचा वास घरभर झाला. राखेतल्या दाण्याचा येत होता, तसाच.

पोचलं असन तर पोचलं. पण उष्टंच होतं. याहीवेळी ती माझ्यामागूनच जेवली.