डबीवरची पुसलेली तारीख

ती केस विसरायची म्हटली तरी विसरत नाही. सातवी शिकून शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. वळणदार लिहिणं मला जमत नाही. घडलं तसं सांगतो.

तेव्हा बायकोला जाऊन तीन महिने झालेले. डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात मी नुसता हजेरी लावायला जायचो. एका दुपारी एक शिंपी आला. हातात साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी, ऑनलाइन मागवलेली. त्याचा भाऊ आयसीयूत होता. घरच्या मशीनवर साखर एकशेदहा दिसायची, हॉस्पिटलात साडेपाचशे निघाली.

मी म्हटलं, "ऑनलाइनचा माल ना? ग्राहक आयोगात जा. इथे चोऱ्यामाऱ्याच उरकत नाहीत."

"आयोगात जातो साहेब. पण आज अजून कुणाच्या घरी हीच डबी असेल, त्याचं काय?"

असं म्हणून त्याने डबी माझ्या नाकाशी धरली. नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा वास. मुदतीची तारीख बोटाने घासली तर शाई निघाली. वास ओळखीचा वाटला, कुठला ते सुचलं नाही. तक्रार घेतली.

विक्रेत्याचा पत्ता काय, तर 'शीळफाटा, ठाणे'. एवढाच. तक्रार निवारण अधिकारी म्हणून एका बाईचं नाव आणि कायम बंद असलेला नंबर. आमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने खबर दिली, की मानपाड्याच्या एका गाळ्यातून तो रोज असल्या डब्या उचलतो आणि पॅकिंगच्या बायकांच्या हाताला तोच वास येतो. पंच घेऊन धाड घातली. दोन बायका कापसाने जुन्या तारखा पुसत होत्या, मालक नव्या छापत होता. त्यातलीच एक बाई म्हणजे तक्रार अधिकारी.

ती रडत म्हणाली, "मला फोनच नाय दिला साहेब. मालक बोलले, वेबसाइटवर कुणाचं तरी नाव लागतं, तुझं टाकतो."

मालक शिकलेला, थंड डोक्याचा. म्हणाला, माल ओरिजनल आहे, फक्त तारीख फिरवली. मी सांगितलं, विकणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, मुदत, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं खरं लिहायचा नियम आहे.

"ते कोण वाचतं साहेब? तुम्ही वाचता?"

कानाखाली वाजवणार होतो. हात थांबला, कारण मी पण कधी वाचलं नव्हतं.

त्याच्या कॉम्प्युटरमधून गिऱ्हाइकांची यादी निघाली. आरोपपत्र नंतर, आधी माणसं वाचवा, म्हणून फोन घेऊन बसलो. पट्ट्या फेका, लॅबमध्ये तपासा, एकेकाला सांगत सुटलो. चौथ्या पानावर कळव्याचा पत्ता आला. बिल्डिंग माझी. नाव माझं.

बायकोला साखर होती, मेडिकलपेक्षा स्वस्त म्हणून मीच डबी मागवलेली. बायको म्हणायची, सारखी तहान लागते, अंगात त्राण नाही. मी म्हणायचो, मशीन नीट दाखवतंय, तुझ्या मनाचे खेळ आहेत. एकदा तिने डबी नाकाला लावली होती. "अहो, याला वास कसला येतो?"

"नव्या मालाला येतोच," मी म्हटलेलं.

पान तसंच ठेवून मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी तपास दुसऱ्याकडे दिला. माझाच जबाब झाला, माझ्याच टेबलासमोरच्या बाकड्यावर बसून. लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

शिंप्याचा भाऊ वाचला. तो पेढे घेऊन आला, मी एक घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

नोकरीभर मला वाटायचं, फसतो तो मूर्ख असतो आणि तो कुणीतरी दुसरा असतो. या केसने ते काढून टाकलं. त्या दुपारी शिंपी माझं ऐकून निघून गेला असता, तर बायको कशाने गेली हे मला कधी कळलंच नसतं. कधी कधी वाटतं, तेच बरं झालं असतं. मग यादीतली उरलेली नावं आठवतात. त्या सगळ्यांना फोन गेले होते. आमच्या घरी तेवढा कुणाचा आला नव्हता.