लग्नाच्या पन्नास माणसांचा सौदा

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचा सौदा मी माझ्या उजव्या हातामुळं हरलो, आणि तो हात अजून माझ्याच अंगाला आहे.

मी म्हशींचा व्यापारी. निपाणीजवळ आमचं गाव. बापानं मला एक भाकड म्हैस आणि एक दावं दिलं होतं. पुढचं सगळं मी जिभेवर आणि बोटांवर कमावलं. बोटांवर म्हणजे खरोखरच बोटांवर. आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते आधीच ठरलेलं असतं. टॉवेल उचलला त्या वेळी जे धरलेलं असेल तो शब्द. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. त्या टॉवेलाखाली मला कुणी हरवलेलं नव्हतं. (हरवलं असतं तरी मी सांगितलं नसतं, पण खरंच नव्हतं.)

मग ती महामारी आली आणि माझ्या हाताला इसब झाला.

आधी दोन बोटांच्या बेचक्यात झाला, मग तळहातावर पसरला. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "साबण कमी लावा." फोन ठेवला आणि दुसऱ्या कुणाला लावला, तर तो लागायच्या आधी बाई सांगायची, वारंवार साबणानं हात धुवा. आता ऐकायचं कुणाचं? मी भांडण नको म्हणून दोघांचंही ऐकलं, म्हणजे धुवायचो आणि खाजवायचो. दुकान असो, बँक असो, दारात कुणीतरी बाटली घेऊन उभा. ते सॅनिटायझर भेगांत उतरलं की असं वाटायचं, कुणी हातावर लवंगी मिरची वाटतंय. आणि आग विझली की खाज सुटायची. ती खाज मी वैऱ्याला देणार नाही. व्याह्याला मात्र देईन.

त्याचं असं झालं. आमच्या सुप्रियाचं लग्न कागलच्या शंकरआप्पांच्या मुलाशी, प्रशांतशी, ठरलेलं होतं. शंकरआप्पाही जनावरांच्या धंद्यातलेच. लग्न आमच्या दारात, आणि हुकूम आला की मांडवात पन्नासच माणसं. आता पन्नासात कुणाची किती? आठवडाभर फोनवर भांडलो. ते म्हणायचे, "वरपक्ष हाय आमचा." मी म्हणायचो, "मांडव माझा हाय."

आमच्या घरात शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकच अट घातली होती.

"माझी भावंडं झाडून सगळी आली पायजेत. एकुलती एक भाची हाय त्यांची. मामाच न्हाई तर लगीन कसलं?"

"तीस जागा आणतो. तू बघच."

"बघते," ती म्हणाली. त्या शब्दात विश्वास कमी होता.

शेवटी ठरलं, कोगनोळी नाक्यावर भेटायचं. पासाशिवाय इकडचा तिकडं जाऊ शकत नव्हता, म्हणून ते महाराष्ट्रात उभे, मी कर्नाटकात आणि मधे पोलिसांचं बॅरिकेड. शालन मागं गाडीजवळ थांबली. मी हातमोजे घालून गेलो होतो. इसब झाकायचा होता. कातडीचा रोग बापाला आहे म्हटल्यावर मुलीला येईल, नातवाला येईल, असं म्हणून सोयरीक मोडणारे लोक मी पाहिलेत. तो कुणाला लागत नाही हे मी कुणाकुणाला समजावत बसणार?

"मोजं घालून सौदा व्हतो का अण्णा?" शंकरआप्पा म्हणाले. "काढा ते."

काढले. त्यांनी हाताकडं पाहिलं.

"हे काय?"

"दोरखंडानं सोललंय. नवीन म्हैस लई वढाळ हाय."

"बरं बरं." असं म्हणत त्यांनी खिशातनं बाटली काढली. "कायदा म्हणजे कायदा." आणि माझ्या ओंजळीत इतकं सॅनिटायझर ओतलं की तेवढ्यात रेडकू धुऊन निघालं असतं.

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते म्हणाले, "मुलगी सासरला चालली की बापाचं असंच व्हतं."

हवालदार ओरडला, "लगूलगू मुगस्री!" म्हणजे लवकर आटपा. बॅरिकेडवर टॉवेल पडला. एक बोट म्हणजे दहा माणसं आणि मी जितकी बोटं धरीन तितकी त्यांची, असं ठरलं. मी त्यांची दोन बोटं धरली. तुम्हाला वीस. त्यांनी हात झटकला. मी पुन्हा दोनच धरली. ते नुसते उभे राहिले. आता कळतं, ते वाट बघत होते.

कारण तेवढ्यात आग विझली आणि खाज सुटली. साधी नव्हे. सगळं अंग गोळा होऊन तळहातावर येऊन बसल्यासारखी. दुसरा हात आत घालणं म्हणजे सौद्याचा अपमान. आणि माझ्या हाताशी काय होतं, तर शंकरआप्पांचा पंजा. पन्नास वर्षं दावी ओढून खरवडलेला, कवठासारखा टणक पंजा! मी तो सगळा धरला आणि घासला. काय सांगू, स्वर्ग. माझे डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू पसरलं.

आणि त्यांनी टॉवेल उचलला.

माझ्या मुठीत त्यांचा सगळा पंजा होता. पाच बोटं, पन्नास माणसं.

"अण्णा," शंकरआप्पा गहिवरून म्हणाले, "लई मोठं मन तुमचं."

खाजवत होतो म्हणावं तर इसब उघडा पडतो आणि सोयरीक जाते. न म्हणावं तर जागा जातात.

"आप्पा, पण... नवरी?"

"ती आता आमचीच की. आमच्यात धरू."

"आणि आम्ही दोघं?"

"बघू. आमच्यातलं कोण आजारी पडलं तर कळवतो."

गाडीजवळ शालन खुशीत होती. "लांबनंच वळखलं मी. कसं हसत हुतासा! किती आणल्या?"

मी नाका मागं पडू दिला. मग सांगितलं. घरात पाय ठेवल्यावर ती म्हणाली, "म्हशी इकून पोट भरलं म्हणतासा. म्हशींनीच तुमाला पोसलेलं दिसतंय."

मी सुप्रियापुढं रडगाणं गायलं. तुझ्यासाठी गप्प बसलो, पोरी, तुझ्या बापाचा रोग झाकला.

ती म्हणाली, "अण्णा, इसबाचं मी प्रशांतला पहिल्याच भेटीत सांगितलंय. त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत हाय."

"सगळ्यांना?"

"व्हय की. परवा तर आप्पा फोनवर विचारत हुते, सॅनिटायझर लागलं की अण्णांना लई खाजतं का गं म्हणून. किती काळजी करतात बघा."

त्या दिवसापासून मी त्या माणसाचं नाव घेत नाही. व्याही म्हणतो, तेही दात खाऊन.

मी भांडायला फोन उचलला, तर शालननं तो हातातनं काढून घेतला. "आप्पा," ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्या हाताला खाज सुटलीती. त्यो काय सौदा न्हवं. आमच्या जागा द्या."

पलीकडनं हसण्याचा गडगडाट आला. "वैनी, तुम्ही मागितलंसा म्हणून निम्म्या दिल्या. अण्णांनी मागितल्या असत्या तर एक न्हाई."

पंचवीस जागा! टॉवेल नाही, बोट नाही, घासाघीस नाही. मी हेच काम आयुष्यभर करत आलो, आणि हिनं ते चहा उतू जायच्या आत केलं.

लग्नाच्या दिवशी मामा आले, माम्या आल्या, मावश्या आल्या, त्यांची पोरं आली. शालनचं माहेर झाडून आलं. दारात हवालदारानं डोकी मोजली. एक्कावन्न.

"एक जण भायेर," तो म्हणाला.

सगळे फक्त माझ्याकडं बघायला लागले. शालनसुद्धा. तिनं नजर तरी वळवायची!

कन्यादानापुरतं मला आत घेतलं. तेवढा वेळ धाकटा मेव्हणा बाहेर थांबला, आणि ते होताच तो आत आला व मी पुन्हा दाराबाहेर. नुसतं उभं राहून बरं दिसेना, म्हणून हातमोजे चढवून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर सॅनिटायझर ओतत बसलो. मंगलाष्टकं भिंतीवरनं ऐकली. अक्षता टाकल्या त्या माझ्याच डोक्यावर पडल्या, कारण पुढं भिंत होती.

जेवणं उरकल्यावर वरपक्षाकडचे एक म्हातारे बाहेर आले. त्यांनी मला निरखून बघितलं, कामावरचा माणूस समजून पिशवीतनं बुंदीचा एक लाडू काढला आणि माझ्यापुढं धरला. "घे बाबा. सकाळधरनं उभा हाईस."

मी दोन मागितले. दीडावर मिटलं.