बारनवापाऱ्याच्या मावशी

वाघ दाखवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मावशी सरळ भिलाईचा रस्ता दाखवत. तिथे पिंजऱ्यात आहे, तिकीट काढा, पोटभर पाहा आणि संध्याकाळी घरी या, असा त्यांचा सल्ला असे. बारनवापाऱ्याच्या जंगलात सहली नेणाऱ्या बाईने गिऱ्हाईक परत पाठवावं, तेही चहा पाजून, हे रायपूरच्या चौबे कॉलोनीत त्यांनाच शोभलं. "बारनवापाऱ्यात चितळ दिसते, गवा दिसते, अस्वल त्याच्या मनात असलं तर दिसते," त्या म्हणत. "माह्या हातात फक्त गाडी अन् परमिट."

मूळच्या त्या वनखात्याच्या कचेरीत टायपिस्ट. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि कर्मचाऱ्यांची वाटणी निघाली, तेव्हा मावशींचं नाव भोपाळच्या यादीत आलं. "टाइपरायटर गेला भोपाळले, मी नाही गेली," एवढंच त्या सांगत. नोकरी सोडून त्यांनी घराच्या ओट्यावर टेबल टाकलं. जंगलात शिरायचे सगळे अर्ज त्यांना तोंडपाठ होते, आणि शहरात रोज नवे साहेबलोक येत होते, ज्यांना रविवारी बायकापोरांना कुठे न्यावं हे कळत नव्हतं. मावशींना कळत होतं.

निघण्यापूर्वी त्या सगळ्यांच्या पिशव्या तपासत. अत्तर, ट्रान्झिस्टर, लाल ओढणी, सगळं त्यांच्या कपाटात जमा. चिवड्याची पुडी मात्र कागदातून डब्यात ओतून परत मिळे, कारण कागद कुरकुरतो. आणि एकदा का अभयारण्याचं फाटक ओलांडलं की बोलायचं नाही. रायपुरात मावशींच्या तोंडाला खंड नसे, पण फाटकाच्या आत त्या फक्त भुवयांनी बोलत.

आम्ही मावशींच्या शेजारीच राहायचो, आणि माझ्या लग्नाचं तेव्हा जमत नव्हतं. बाबा रेल्वेत, मी शाळेत शिकवायला लागलेली. पाहायला येणारे मला पगार विचारत, स्वयंपाक विचारत, आणि मी अशी काही उत्तरं देई की आई पुढे आठवडाभर माझ्याशी बोलत नसे. शेवटी मावशींनीच आम्हाला तिघांना बारनवापाऱ्याला चला म्हटलं. जिप्सीत जागा उरून राहिल्या, म्हणाल्या.

फाटकापाशी पोचलो तर आमच्यासाठी उभ्या असलेल्या जिप्सीत आणखी दोघं आधीच बसलेली. सदर बाजारात कापडाचं दुकान असलेल्या जुन्या मराठी घरातल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा सतीश. बाईंनी हिंदीत विचारपूस सुरू केली, आप लोग नागपूर के हैं क्या, इथवर आल्या आणि फाटक उघडलं. मावशींच्या भुवया वर गेल्या. बाई गप्प झाल्या.

तास-दीड तास आम्ही सहा जण, ड्रायव्हर आणि गाइड मुक्याने फिरलो. मग एका वळणावर गवा आला. आला म्हणजे रस्त्यातच उभा होता, गाडीएवढा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आणि त्या शांततेत मला उचकी लागली.

पहिल्या उचकीला गव्याने कान हलवला. दुसरीला मान वळवली. आईने माझा दंड असा दाबला की तिसरी दुप्पट मोठी आली. मी ओढणी तोंडात कोंबली. समोरून सतीशने पाण्याची बाटली पुढे केली, मी घोट घेतला आणि चौथी उचकी पाण्यासकट त्याच्या शर्टावर गेली. त्याने शर्टाकडे पाहिलं, गव्याकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं. आवाज काढायची सोय नव्हती. तो गुडघ्यांत डोकं घालून हलायला लागला, मग मी, मग बाबा. बाईंनी पदर तोंडावर घेतला. अख्खी जिप्सी थरथरत होती. गव्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि नाद सोडून दिल्यासारखा झुडपांत निघून गेला.

आठवड्याने बाईंचा निरोप मावशींकरवी आमच्या घरी आला. सतीश मला भेटायला आला तेव्हा पगार विचारला नाही. उचकी थांबली का, एवढंच विचारलं. पहिल्यांदाच मी नीट उत्तर दिलं.

पुढे मावशींचे गुडघे गेले. जिप्सीवर चढता येईना, तेव्हा त्यांनी ओट्यावरचं टेबल आत घेतलं, आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. त्यांना पोचवायला स्टेशनवर मी आणि सासूबाई गेलो होतो. मला रडू आवरत नव्हतं. ते पाहून मावशींनी खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "रडून काहून राहिली? एक गोष्ट ऐक. तुहा फोटो मी यायच्या घरी आधीच नेला होता. यायनं पाहून वापस केला. मंग मी म्हटलं, फोटो नको, पोट्टीच दाखवू."

मी वळून पाहिलं. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या, आणि गाड्यांच्या वेळापत्रकात एकदम गुंग झाल्या होत्या.

"फोटो खरंच वाईट होता गं," त्या वेळापत्रकाकडे पाहतच म्हणाल्या.

आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून हसत सुटलो, एकमेकींना धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मान वर केली तेव्हा फलाट मोकळा होता. मावशींना हात करायचा राहूनच गेला.