तळाचं तीन फूट पाणी

जाऊबाई जेवताना मध्येच उठायच्या. घास हातात तसाच, आणि या बाई खिडकीशी उभ्या राहून नाक वर करून वास घेतायत. "काही जळतंय का गं?" मी म्हणायची, "तुमचंच दूध करपतंय गॅसवर, या आधी इकडे!" त्या हसायच्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांना विनोद कळतच नसे.

त्या माझ्या थोरल्या जाऊ. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. सगळी वस्ती त्यांना टाकीबाई म्हणते, तोंडावरसुद्धा, कारण वस्तीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. आधी हे काम मोठे दीर करायचे. ते गेले तेव्हा समितीने विचारलं, आता कोण? सगळे आपापल्या चपला बघत बसले. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "द्या इकडे." त्याला आता चौदा वर्षं झाली.

आमची वस्ती बासष्ट घरांची, उतारावर. वर डोंगर, डोंगरभर गवत. उन्हाळ्यात ते इतकं वाळतं की पायाखाली कडकड वाजतं. आगीचा बंब शहरातून यायला सव्वा तास लागतो, म्हणजे पहिला सव्वा तास आमचं आम्हीच बघायचं. त्यासाठी रस्त्यावर दोन जाडजूड आगीचे नळ आहेत आणि शेजारी लाकडी पेटीत गुंडाळून ठेवलेला कापडी पाइप. घरच्या नळांना आणि या नळांना पाणी त्या एकाच टाकीतून. टाकी वस्तीच्या माथ्यावर, बारा फूट खोल. झऱ्याचं पाणी तिच्यात पडतं. पावसाळ्यात धो धो, उन्हाळ्यात करंगळीएवढी धार.

टाकीला बाहेरून एक आकड्यांची पट्टी आहे. आत तरंगता डबा, डब्याला तार, तार कप्पीवरून बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला लोखंडी काटा. पाणी चढलं की काटा खाली येतो, पाणी उतरलं की वर जातो, आणि पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला शून्य. रस्त्याने जाणारा माणूस आधी मान वर करून काटा बघतो, मग समोरच्याला कसं काय विचारतो.

बाईंच्या पायाला भिंगरी होती नुसती. सकाळी नळ सोडायचे, मग घरोघर फिरून कुठे गळतंय का बघायचं. पेटीतला पाइप काढून उन्हात पसरायचा, उंदरांनी कुरतडलाय का ते हाताने चाचपायचं. घरांच्या मागचं गवत चार हात रुंद कापून घ्यायचं आणि कोणी आलं नाही तर स्वतःच विळा घेऊन बसायचं. माझ्या घराला पलीकडून लागून सुताराची शेड आहे. त्याच्याशी तर त्यांचं रोजचं भांडण. "अरे बाबा, हा भुसा उचल!" "उचलतो टाकीबाई, उद्या." "तुझा उद्या उजाडलेला कधी कोणी पाहिलाय?" मी मात्र म्हणायची, बाईंना जरा जास्तच झालंय.

थांबा हं, दार उघडून बघते एकदा. नाही, काही नाही. धूळच आहे.

तर गेल्या वर्षीचा उन्हाळा. काटा शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. झऱ्याचं जे काय रात्रीतून साठेल तेवढंच सकाळी, घरटी वीस मिनिटं. माझी रोपवाटिका आहे. त्या वर्षी नऊशे कलमं होती, लिंबू, पेरू, डाळिंब. दोन वर्षं मी त्यांना लेकरासारखं वाढवलं होतं. माझे मिस्टर ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, त्यामुळे सगळं मी एकटीने. पानं माना टाकायला लागली तशी मी जाऊबाईंकडे गेले.

"जाऊबाई, फक्त पंधरा मिनिटं जास्त. आठवडाभर."

"काटा बघ."

"बघितला. रोपं मरतायत माझी."

"शून्याच्या खालचं पाणी कुठून आणू मी? रडून देऊ का?"

असं तोडून बोलल्या. पण दुसऱ्या दिवसापासून रोज स्वतःच्या वाट्याच्या दोन बादल्या माझ्या दारात आणून ठेवायला लागल्या. स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायच्या. नऊशे रोपांना दोन बादल्या! मी एकेका रोपाला वाटीने पाणी घालत बसायची. आठ-दहा दिवसांत सगळी गेली. वाळलेली रोपं उपटताना जाऊबाई आपणहून मदतीला आल्या. एकेक रोप उपटलं की त्या मुळांची माती झाडत तिथेच थांबायच्या. मला वाटलं, उन्हाने. मीच म्हटलं, "बसा हो जरा सावलीत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी सुताराची शेड पेटली. दुपारचे तीन वाजले असतील. भुसा, फळ्या, रंगाचे डबे, मग काय विचारता! माझ्या अंगणात निखारे पडायला लागले. टाकी शून्यावर आहे हे बासष्ट घरांना माहीत होतं, त्यामुळे नळाकडे कोणी गेलंच नाही. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त मास्तर. ते ओरडत होते, "घरं सोडा, माणसं बाहेर काढा!" मी लग्नातली पेटी उचलून रस्त्यावर आले तर जाऊबाई एकट्याच पाइप ओढत येतायत.

"तोटी धर!"

"जाऊबाई, पाणी नाहीये टाकीत! वेड लागलंय का?"

"धर म्हणते ना!"

मी धरली. त्यांनी आगीच्या नळाला चावी लावली आणि अंगाचं वजन टाकून फिरवली. पाइप एकदम फुगला, तोटीने असा हिसका दिला की मी रस्त्यावर बसकणच मारली. पाणी! हे एवढं पाणी! मग पोरंटोरं, म्हातारे, सगळे धावले. पाऊण तास आम्ही मारा केला. शेड गेली, पण माझी भिंत फक्त काळी झाली, आणि पुढची घरांची ओळ वाचली. बंब आला तेव्हा आमचा चहा चालला होता.

सगळे जाऊबाईंच्या नावाने ओरडत होते. मी मात्र रस्त्याकडे बघत होते. गटारातून पाणी वाहत होतं, खळखळ, घोटाभर. मी वर काट्याकडे पाहिलं. शून्य.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.

जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दर उन्हाळ्यात टाकी निम्म्यावर आली की त्या वर चढायच्या आणि तार वीतभर आखडून घ्यायच्या. दोन दिवसांनी परत वीतभर. अशी चार वेळा, कोणाच्या डोळ्यात येणार नाही अशी. म्हणजे काटा शून्यावर जाई तेव्हा तळाशी तीन फूट पाणी शिल्लक असे. पाऊस लागला की तार परत सैल. आठ वर्षं हे चाललं होतं. त्याआधी त्यांनी सरळ सांगून पाहिलं होतं, तीन फूट आगीसाठी ठेवूया. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणाकडे पाहुणे, कोणाकडे बाळंतीण, कोणाची गाय आजारी. त्याच उन्हाळ्यात शिंप्याचं घर पेटलं आणि पाइपातून नुसती हवा आली. शिंपी हातात कात्री घेऊन रस्त्यावर उभा राहिला, तेवढीच वाचली त्याची.

हे ऐकून बाकीचे शिंप्याकडे बघायला लागले. मी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"माझी नऊशे रोपं मेली! उपटायला माझ्याबरोबर वाकलात तुम्ही! पाणी होतं, आणि एक शब्द बोलला नाहीत!"

"बोलले असते तर तू मागितलं असतंस."

"मागितलं असतं! मग?"

"मग मी दिलं असतं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या केसांतून राख गळत होती.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. सगळ्यात जास्त मीच ओरडले. आम्ही काय लहान मुलं आहोत का? खरं सांगा, आम्ही समजूतदारपणे वागू. लोकांना ते पटलं, कारण आपण समजूतदार आहोत हे कोणाला पटत नाही? ठराव झाला. तार कायमची सरळ ठेवायची, पट्टीवर तीन फुटांशी लाल रेघ मारायची आणि तळाच्या त्या तीन फूट पाण्याला कोणी हात लावायचा नाही. बासष्ट घरांचे हात वर. जाऊबाई फक्त "बरं" म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर शिडी चढून त्यांनी तार सोडली. लाल रेघ मी मारली, माझ्या हाताने. रंग सुताराने दिला.

यंदा मी परत चारशे कलमं लावली. आणि यंदाही झरा आटला. काटा लाल रेघेला टेकला त्याला आता बारा दिवस झाले. मी सहा दिवस कळ काढली, खरंच काढली. सातव्या दिवशी सकाळी पेरूची पानं कडेने वळलेली दिसली. मला मागच्या वर्षीचं ते उपटणं आठवलं आणि माझा धीर सुटला.

"जाऊबाई, पंधरा मिनिटं. एकदाच."

मला वाटलं होतं त्या भांडतील. रेघ दाखवतील, बैठकीत काय बोलली होतीस ते तोंडावर फेकतील. फेकायला हवं होतं! मी मुकाट्याने परत आले असते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, लोखंडी चावी उचलली आणि चालायला लागल्या. "पाइप नीट लावलायस ना?" एवढंच विचारलं.

सकाळी अकराला माझ्या अंगणात पाणी वाजलं. उतारावर आवाज काय लपतो? दुसऱ्या दिवशी मास्तर आले, त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिची धुणी तुंबली होती. मग सुतार, त्याची सून बाळंत झालेली. मग शिंपी, बोला आता! कोणी खोटं बोललं नाही, कोणी चैनीसाठी मागितलं नाही. काटा रेघ ओलांडून गेलेला सगळ्यांना दिसत होता आणि प्रत्येक जण म्हणत होता, तसंही गेलंच आहे, माझ्या दोन बादल्यांनी काय होतंय? चौथ्या दिवशी काटा शून्यावर गेला. काल सकाळी आम्ही आगीचा नळ उघडून पाहिला. तो दोनदा खोकला आणि गप्प झाला.

झऱ्याची धार आता घरांना पिण्यापुरती. टँकर मागवलाय, पण तो येईल तेव्हा खरा. आणि वारा सुटलाय. काल संध्याकाळपासून मी चार वेळा डोंगराकडे जाऊन आले. सुताराच्या नव्या शेडमधला भुसा मी स्वतः पोत्यात भरून खाली नेऊन टाकला. तो म्हणाला, "तुम्हालाही लागलं का टाकीबाईंचं वेड?" मी त्याला असं काही बोलले की तो दार लावून घरात गेला.

आज दुपारी राहवेना म्हणून जाऊबाईंकडे गेले. त्या पलंगावर बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होत्या.

"जाऊबाई, आता लागली तर?"

"लागली तर लागली. माणसं आधी बाहेर काढायची."

"तुम्ही मला नाही का म्हटलं नाहीत?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "शून्य दाखवून नाही म्हणता येत होतं मला. तोंडावर नाही येत. म्हणून तर तार आखडायचे ना." मग बटण ओढून बघितलं, पक्कं बसलंय का, आणि विचारलं, "रोपं कशी आहेत गं तुझी?"

टोमणा नव्हता तो. जाऊबाई टोमणे मारत नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"छान आहेत," मी म्हटलं.

आणि खरंच छान आहेत ती. चारशेच्या चारशे, हिरवीगार, वाऱ्यात हलतायत. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवत नाही.