मिठाच्या गोदामातली अमेरिकन गाडी

गॅरेजमधला कचरा संध्याकाळी झाडला की जातो. पत्र्याचा कीस जातो, पॉलिश पेपरचे तुकडे जातात. गप्पा मात्र झाडूला येत नाहीत. त्या कोपऱ्यात साचत राहतात आणि चहाला दोन माणसं जास्त बसली की आपोआप वर येतात. मी वीस वर्षं गाड्यांना रंग मारला. त्यातले बहुतेक रंग एव्हाना उडालेही असतील. किस्से अजून ताजे आहेत, आणि त्यातले निम्मे एकाच गाडीचे.

आमचं गॅरेज घोडेगावात, भीमाशंकरच्या रस्त्याला. पत्रा ठोकायचं काम नामामिस्त्रीचं, रंग माझा. नव्वदच्या दशकात एका सकाळी ट्रॅक्टरमागे दोरखंडाने बांधलेली एक लांबलचक अमेरिकन गाडी दारात आली. दोनच दारं, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि बॉनेट एवढं की वर पोतंभर हिरडा वाळत घालावा. मागून बाजारपेठेतले किराणावाले कांतिशेठ घाम पुसत येत होते.

गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे मोठ्या शेठची. तरुणपणी हौसेनं मुंबईहून आणलेली. पुढे मोठ्या शेठची नजर गेली आणि गाडी गोदामात गेली. कुठल्या? तर मिठाच्या! कित्येक पावसाळे ती मिठाच्या पोत्यांना टेकून उभी होती.

"तेवढीच जागा मोकळी होती," कांतिशेठ म्हणाले.

मिस्त्रीनं दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं. बोट आत गेलं.

"शेठ, गाडी ठिवली व्हती का लोणचं घातलं व्हतं?"

*

दुसऱ्या दिवशी मोठे शेठ स्वतः आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. काचबिंदूनं दोन्ही डोळे पार गेलेले. धोतर मात्र कडक इस्त्रीचं.

"रंग कुठलाही मारा, मला कुठं दिसतोय? पण हात फिरवला की ती माझीच गाडी लागली पाहिजे. एकदा तिच्यात बसून भीमाशंकरचा घाट चढायचाय. मग माझं काही मागणं नाही."

"लागंल," मिस्त्री म्हणाला.

नामामिस्त्री सहसा कुणाला शब्द देत नसे. गिऱ्हाइकानं "कधी होईल?" विचारलं तरी तो "पत्र्याला इचारा" म्हणायचा. त्या दिवशी त्यानं शब्द का दिला, ते मला कळलं नाही. पण त्या शब्दानं पुढचे सात महिने आम्हाला बांधून ठेवलं.

*

मिस्त्रीची एक पद्धत होती. गंजलेला पत्रा कापला की तो तुकडा फेकायचा नाही. पोत्यात जपून ठेवायचा आणि गाडी द्यायच्या दिवशी मालकापुढे ओतायचा. चांगला पत्रा उगाच कापला नाही, हे मालकाला दिसलं पाहिजे.

या गाडीचं पोतं भरत चाललं. एकदा भंगारवाला सायकल लावून त्याच्याभोवती घुटमळायला लागला.

"मिस्त्री, हे भंगार द्यायचंय का?"

"हात लावू नको. भंगार न्हाई ते, पुरावा हाय."

*

आता माझी चूक सांगतो. दाराच्या कोपऱ्यात तळहाताएवढा गंज होता. तो कापून पत्रा जोडायचा म्हणजे दोन दिवस. मी मिस्त्री जेवायला गेल्यावर तो घासला, वर पुट्टी भरली आणि प्रायमर मारून मोकळा झालो. डोळस माणसाला सात जन्मात कळलं नसतं.

मोठे शेठ दर बाजाराच्या दिवशी यायचे आणि पूर्ण गाडीवरून सावकाश हात फिरवायचे. त्या आठवड्यात त्यांचा पंजा माझ्या कोपऱ्यावर येऊन थांबला. मागे गेला, पुन्हा आला. लोखंड हाताला गार लागतं, पुट्टी तशी गार लागत नाही, एवढं मला शिकवायला आंधळा माणूस यावा लागला.

"पेंटर," ते शांतपणे म्हणाले, "गाडीला इथं ताप आलाय."

मिस्त्रीनं नुसती छिन्नी माझ्या हातात दिली. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, ती अजून गेलेली नाही. त्यानंतर मी गंजावर पुट्टी भरली नाही.

*

काम चालू असताना मोठे शेठ स्टुलावर बसून बोलायचे. त्यांच्या बोलण्यात गाडी कमी आणि बाई जास्त. बाई म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

"घाटात गाडी हमखास तापायची. मी बॉनेट उघडून उभा. ही खाली ओढ्यावर जायची, कळशी भरून कमरेवर घेऊन यायची. यायची, गाडीला कळशी टेकवायची, दम घ्यायची, आणि मग मला बोलायची."

"काय बोलायच्या?" मी विचारलं.

"की बैलगाडी घेतली असती तर बैल तरी स्वतः जाऊन पाणी प्याले असते."

*

त्या गाडीचा पत्रा जाड. तसला नवा मिळेना, म्हणून मिस्त्रीनं मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा आणून पिटून पिटून वळवला. हळूहळू तळ बदलला, दारं निम्मी बदलली, पुढचं डावं मडगार्ड तर सगळंच नवं झालं. पोतं बघून कांतिशेठ काळजीत पडले.

"मिस्त्री, मूळची गाडी किती उरली हो?"

"तुमी जन्मला तवा केवढं व्हता, शेठ?"

"म्हणजे?"

"आन आता केवढं झालाय? बाकीचं कुणाचं मग?"

कांतिशेठ हसले. मला मात्र रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. हाताला तीच लागण्यासाठी गाडीत नक्की काय उरावं लागतं?

*

गाडी झाली. गडद निळा रंग, मी आयुष्यात मारलेला सगळ्यात चांगला. मंचरच्या मेकॅनिकनं इंजिन सुरू करून दिलं. मोठे शेठ आले, प्रवासाला निघाल्यासारखे टोपीबिपी घालून. आधी हात, मग घाट, असं त्यांचंच म्हणणं.

डिकीपासून सुरुवात केली. हात दारावर आला, माझ्या त्या कोपऱ्यावरून सरळ पुढे गेला. मी श्वास सोडला. मग डावं मडगार्ड. तिथं हात थांबला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. चेहरा उतरत गेला.

"मिस्त्री, कळशीची जागा कुठंय?"

जुनं मडगार्ड कापलं तेव्हा त्यात वाटीएवढा पोचा होता, हे मला आठवलं. मिस्त्रीलाही आठवलं असणार, कारण तो आत गेला आणि त्यानं पोतं जमिनीवर ओतलं. गुडघ्यावर बसून एकेक तुकडा चाळला. शेवटी पत्र्याचं एक गंजकं, भोकं पडलेलं पान उचललं आणि मोठ्या शेठच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा पोच्यात बरोबर बसला.

"हीच," ते म्हणाले आणि दुसऱ्या हातानं नव्या मडगार्डावर ती जागा शोधू लागले.

"बाबा, राहू द्या आता," कांतिशेठ म्हणाले. "रंग नवा आहे."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं, "पेंटर, मारू का?"

"मार," मी म्हणालो.

त्यानं गोल तोंडाचा हातोडा निवडला, फडक्यानं पुसला आणि निळ्या मडगार्डावर अंदाजानं टेकवला. मोठ्या शेठनी हात पुढे करून हातोडा चाचपला, आणि धरून खाली सरकवला.

"दोन बोटं खाली घ्या, मिस्त्री. ठेंगणी होती ती."