माडावरचा राखणदार

आमच्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर, एक माड वाकलेला आहे. गुडघे गेल्यापासून सासूबाईंचं सगळं जग त्या माडाखालच्या खुर्चीत आलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला "खंय चललंस?" विचारायचं आणि उत्तर आवडेपर्यंत सोडायचं नाही. बाजारात काय मासळी आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी जाऊन परतलीच नाही, हे सगळं आमच्या घरात त्या खुर्चीतून यायचं.

मग माडावर ती बाहेरदेशची पांढरी माशी आली. झावळांच्या मागच्या बाजूला पांढरी वेटोळी, कुणी पिठाची रांगोळी घालायला घेऊन मध्येच कंटाळून उठावं तशी. माशी रस पिते आणि खाली चिकट थेंब टाकते, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. बघता बघता खळं, तुळस, वाळत घातलेली आमसुलं आणि माझी एकुलती एक बरी साडी काजळून गेली. खुर्ची उचलली की सारवणाचा पापुद्रा तिच्या पायांबरोबर वर यायचा.

सासूबाई घरात आल्या. वाऱ्यानं थेंब आत येत म्हणून खिडक्या लावल्या. नवरा सकाळी कामावर कुडाळला सुटायचा. 'सुटायचा' हाच शब्द बरोबर. राहिलो आम्ही दोघी, आणि उन्हाळा. गावभर वाटली जाणारी चौकशी आता माझ्या एकटीच्या वाट्याला आली.

"बाजारात काय इला?"

"ठावूक नाय, आई."

"मगे तू करतंस काय घरात?"

शेवटी त्यांनी फवारणीवाल्याला निरोप धाडला. तेवढ्यात शेजारच्या बागेत कृषी सहाय्यक आले होते, ते मला कुंपणावरून म्हणाले, "ताई, विषारी काही मारू नका. हिला मारणारी एक बारीक गांधीलमाशी आपोआप येते. औषधानं आधी तीच मरेल. पानं पाण्यानं धुवा, आणि थांबा."

मी घरात येऊन 'मित्रकीटक' हा शब्द वापरून पाहिला. सासूबाईंनी ढिम्म बघितलं. म्हणून सोपं केलं. "तिळापेक्षा बारकी गांधीलमाशी आसा, आई. ती ह्या माशीच्या पिल्लात आपला अंडा घालता. आतसून पोखरता आणि गोल भोक पाडून भायर येता."

"म्हंजे सूनच ती," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात शिरता आणि आतसून पोखरता. माका कित्याक सांगतंस? मी रोज बघतंय मां."

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, येऊन उभा राहिला, पंप सुरू करून. मला काही सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "आई, नको. राखणदार आसा तो माडाचो."

मला म्हणायचं होतं, राखण करणारा कीटक. पण आमच्याकडे राखणदार म्हणजे त्या जागेचा न दिसणारा धनी. त्याला वर्षाला कोंबडा द्यायचा आणि त्याला न विचारता काटकीही मोडायची नाही. सासूबाईंचे हात जोडले गेले. फवारणीवाल्यानं पंप बंद केला, चपला काढून माडाला नमस्कार केला आणि परत चपला घालून चालू लागला.

इतक्या वर्षांत सासूबाईंपुढे मी पहिल्यांदा जिंकले होते. तो आनंद मी नळी हातात घेईपर्यंत टिकला.

"खंय चललंस ती नळी घेवन?"

"पानां धुवूक."

"राखणदाराच्या तोंडार पाणी मारतलंस?"

नळी गुंडाळली. मग सगळ्यात खराब झावळ तोडायला नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला बोलावलं. तो अर्ध्या माडावर असताना सासूबाईंनी दारातून हाक मारली, "रे, तेका इचारलंस काय?" तो तिथूनच खाली उतरला. चहा मात्र दोन वेळा प्याला.

"आई, तसलो राखणदार न्हय तो," मी म्हटलं.

"मगे खोटा बोललंस?"

हो म्हणावं, तर संध्याकाळी पंप परत दारात. विष नाही, पाणी नाही, कोयता नाही. घराला बाहेरून कडी घालणारी मीच, आणि आत बसलेलीही मीच.

रोज चष्मा लावून मी खालच्या झावळाचं पान उलटून बघायची. बारीक गोल भोकं दिसत होती. कालच्यापेक्षा जास्त वाटायची, पण मला तर माझा स्वयंपाकही कालच्यापेक्षा बरा वाटतो.

"काय म्हणता राखणदार?" सासूबाई आतून विचारायच्या.

"काम चालू आसा."

"सरकारी दिसता."

पुढे पुढे त्यांनी तेही विचारणं सोडलं. बाजारात काय आलं हेसुद्धा विचारीनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ज्या शांततेसाठी मी कितीदा देवाला गाऱ्हाणं घातलं असेल, ती मिळाल्यावर मला करमेना.

एके दुपारी त्या उठल्या, मामंजींची मोठी काळी छत्री घेतली आणि खुर्ची ओढत खळ्यात निघाल्या. पावलागणिक चपला जमीन सोडताना चटक चटक वाजत होत्या.

"आई, थेंब अजून पडतत."

"पडांदेत. तेचा काम तो करता. मी माझा करतंय."

रणरणत्या उन्हात छत्री उघडून त्या बसल्या. रस्त्यानं चाललेली मासेवाली थांबली. "गे काकी, पाऊस खंय पडता?"

"आमच्याकडेच. पाटयेत काय आसा?"

"बांगडे."

"हाड ती पाटी हयसर, बघया." मग माझ्याकडे न बघता, "गो, हयसर ये. छत्री धर. बांगडे बघूक माका दोनय हात व्हये."

मी जाऊन छत्री धरली. वर कापडावर थेंब पडत होते, खाली चपला घट्ट चिकटल्या होत्या. बांगडे लवकर पसंत पडले. पण त्यानंतर मासेवालीच्या सुनेचा विषय निघाला.